प्रतिसाद: महाविष्णूनंतरचा योनास हेलबोर्ग

स्वीडिश बेस-गिटारवादक योनास हेलबोर्गबद्दल चर्चेत कोणीतरी लिहिलंय, 'हेलबोर्ग म्हणजे १९८४ च्या महाविष्णू ऑर्केस्ट्रातला बेसवाला, पुढे विशेष काही नाही'. हे विधान पटलं नाही. त्या जॅझ-रॉक बँडचा म्होरक्या, गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन, याच्या सावलीत तो झाकोळला हे खरं. पण पुढचा प्रवास बघा की! १९८६ मध्ये पब्लिक इमेज लिमिटेड या ब्रिटिश रॉक बँडच्या अल्बमवर जिंजर बेकर आणि टोनी विल्यम्स हे ड्रमवादक असलेल्या ताफ्यात हा गडी आहे. मग टोनी विल्यम्ससोबत तंतुवाद्यांच्या चौकडीला घेऊन 'द वर्ड' हा अल्बम, आणि 'द सायलेंट लाइफ'मध्ये नुसता अकूस्टिक बेस, सोबतीला कोणी नाही. विकायचा विचार करणारा माणूस हे करत नाही.

चर्चेत राहून गेलेली गोष्ट म्हणजे त्याचं कर्नाटक संगीताशी जुळलेलं नातं. 'गुड पीपल इन टाइम्स ऑफ ईव्हिल'मध्ये शॉन लेनची गिटार आणि सेल्वागणेशचा कंजिरा (हातात धरून वाजवायचं डफासारखं छोटं तालवाद्य). कंजिऱ्याच्या चामड्याला पाणी लावलं की सूर खाली उतरतो, आणि नेमका तिथेच बेसही घुमत असतो. दोघांनी एकमेकांवर कुरघोडी केली असती तर सगळा गिचका झाला असता. हेलबोर्ग मात्र स्वर लांबवतो, जागा सोडतो, आणि तालाचं बोलणं सेल्वागणेशला करू देतो. (लेनच्या वेगापुढे लोकांना हे ऐकूच येत नाही, हा भाग वेगळा.) आपल्या मुंबईच्या नीलाद्री कुमारांची सतार ऐकायची असेल तर 'कालीज सन' लावा. हेडफोन लावून ऐका, मोबाइलच्या स्पीकरवर अर्धा बेस गायबच होतो.