भाचीला पुण्यात राहून बीसीबीए करता येईल का?

नमस्कार मंडळी,
माझी पुण्यातली भाची मानसशास्त्रात एम.ए. झाली आहे, स्वमग्न मुलांच्या शाळेत शिकवते. ऑनलाइन कोर्स करून तिकडूनच बीसीबीए (बोर्ड सर्टिफाइड बिहेवियर अ‍ॅनालिस्ट, म्हणजे अशा मुलांची वर्तन-थेरपी आखणारी प्रमाणित तज्ज्ञ) व्हायचं आणि मग अमेरिकेत यायचं, असा तिचा बेत. क्लासवाले म्हणतात, जागा भरत आल्यात, शुक्रवारपर्यंत फी भरा. या क्षेत्रातलं आपल्यात कुणी आहे का?
— एडिसनची मावशी

ताई, आधी तिची फी थांबवा. १ जानेवारी २०२३ पासून बीएसीबी, म्हणजे हे प्रमाणपत्र देणारी अमेरिकन संस्था, भारतात राहणाऱ्यांचे नवे अर्ज घेतच नाही. क्यूएबीए किंवा आयबीएओ या दुसऱ्या संस्थांची प्रमाणपत्रं तिथून मिळतात, पण इथल्या बहुतेक राज्यांचं लायसन्स बीसीबीएवरच बेतलेलं आहे. आणि आपल्या न्यू जर्सीत प्रमाणपत्रानंतर लायसन्स वेगळं काढावं लागतं.

इथे येऊन करायचं तर मास्टर्स, सुपरवायझरच्या हाताखाली २००० तासांचं फील्डवर्क आणि परीक्षेत चार तासांत १८५ प्रश्न. पहिल्या फेरीत निम्म्याच्या आसपासच पास होतात. तरी परीक्षा परवडली, तास नकोत! त्यातले किमान ६० टक्के डेटा तपासणं, मुलाच्या थेरपीचा प्रोग्राम लिहिणं, पालकांना शिकवणं असल्या कामाचे लागतात. कंपनीला विम्याचे पैसे मुख्यतः मिळतात ते मुलाशेजारी बसण्याचे. मग शिकाऊ माणसाला कुठे बसवणार, सांगा. मुलाखतीत मात्र ‘तास आम्ही देऊ’ हे आधी ऐकवतात.

माझी सुपरवायझर ऐन ऑक्टोबरात नोकरी सोडून गेली. तासांच्या दर महिन्याच्या फॉर्मवर पुढल्या महिनाअखेरीच्या आत दोघींच्या सह्या लागतात. माझा सप्टेंबरचा फॉर्म कोराच राहिला. ११२ तास पाण्यात. कंपनी म्हणाली, ते तुमचं तुम्ही बघा.

तेव्हा भाचीला म्हणावं, नोकरी धरताना पगाराआधी सुपरवायझर किती वर्षं टिकून आहे ते विचार.
— पार्सिपनीहून

मी बाप म्हणून लिहितो. आमच्या कॅनडातल्या ऑन्टारियोत १ जुलै २०२४ पासून कॉलेजकडे नोंदणी असल्याशिवाय कुणालाही स्वतःला ‘बिहेवियर अ‍ॅनालिस्ट’ म्हणवता येत नाही. (इथलं ‘कॉलेज’ म्हणजे नियामक मंडळ, शिकवणारं नव्हे. माझ्या आईला हे अजून पटलेलं नाही.) बरंच झालं, कारण त्याआधी कुणीही पाटी लावायचा.

पण लेकाजवळ रोज बसणारी माणसं वर्षात चार बदलली, त्याला नोंदणी काय करणार? तिसरी आली तेव्हा तो बूट न काढता दारातच बसून राहिला. त्याच्या थेरपीच्या कागदावर एक ध्येय होतं: ‘हात फडफडवणं कमी करणे’. मी विचारलं, त्याने कुणाचं काय बिघडतं? बाई जरा थांबल्या, आणि ती ओळ खोडली. मोठी झालेली स्वमग्न माणसं या थेरपीबद्दल फार कडवट लिहितात. भाचीने कोर्सच्या आधी ते वाचावं.
— मिसिसागाचा एक बाबा

दोघांचेही आभार. फी थांबवली. क्लासवाल्यांचा लगेच फोन, वीस टक्के सवलत देतो म्हणून! भाचीने विचारलं, भारतातून अर्ज चालतो का? तर म्हणाले, सरांना विचारून सांगतो.
— एडिसनची मावशी