पाच वर्षांनी अरेंज मॅरेजवालेच खरंच पुढे जातात का?

मुक्ताफळे:
लग्नसराई आली की तो फॉरवर्ड हमखास येतो: 'सायन्सनेच सिद्ध केलंय, लव्ह मॅरेजमधलं प्रेम आटतं, ठरवून केलेल्या लग्नातलं वाढत जातं.' मूळ आहे गुप्ता आणि सिंग यांचा जयपूरमधला १९८२ चा अभ्यास. जोडपी ५०. रुबिन यांच्या प्रेम मोजायच्या प्रश्नावलीत नव्या संसारांत प्रेमविवाहवाले पुढे, पाच वर्षांच्या पुढे मात्र अरेंजवाले. पण ती तीच जोडपी नव्हती हो! कोणाचं लग्न काल झालेलं, कोणाचं दहा वर्षं जुनं, सगळ्यांना एकदाच विचारलं. मग 'वाढलं' कशावरून?

सदाशिवपेठी:
अभ्यास लहान म्हणून निष्कर्ष खोटा? अरेंजमध्ये मुळात अपेक्षा माफक असतात. नवऱ्याने न सांगता चहा केला तरी बायको खूश. लव्हवाल्यांना तोच चहा कमी गोड लागतो.

रानजाई:
२०१२ मध्ये पामेला रीगन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ५८ भारतीयांना विचारलं. २८ अरेंज, ३० लव्ह. प्रेम, समाधान, बांधिलकी, कशातच फरक नाही.

सदाशिवपेठी:
वा! ५० लहान आणि ५८ मोठे होय?

रानजाई:
दोन्ही लहानच. म्हणून तर 'सिद्ध' म्हणू नका. शिवाय ते परदेशातले, हे जयपूरचे.

पोहेवाला:
लग्न जमलं कसं यावरच का अडलात? सिॲटलचे मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी नवविवाहितांना बोलताना टिपलं आणि सहा वर्षांनी परत गाठलं. 'बघ ना, काय आभाळ आलंय' असं एकाने म्हटल्यावर दुसरा मोबाइलमधून मान वर काढतो का? (मोबाइल माझा, तेव्हा पेपर असेल.) टिकलेल्यांनी अशा शंभरातल्या ८६ हाकांना ओ दिली होती, मोडलेल्यांनी ३३. पत्रिकेत हे कुठल्या घरात बघायचं?

सदाशिवपेठी:
म्हणजे माझंच म्हणणं. ओ देणं एकत्र राहून अंगवळणी पडतं.

मुक्ताफळे:
पडेलही. पण जिथे सासूसमोर नवऱ्याशी दोन शब्द बोलायची चोरी, तिथे हाक मारणार कोण? आणि माहेरी परतायची सोय नाही म्हणून टिकलेल्या लग्नाला प्रेम म्हणून मोजू नका. जयपूरच्या प्रश्नावलीत निदान प्रेमच विचारलं होतं, तुम्ही टिकाऊपणावर उड्या मारताय.

सदाशिवपेठी:
टिकल्याशिवाय पाच वर्षांनी विचारणार कोणाला?

रानजाई:
हाच तर घोळ आहे, साहेब. मोडलेली जोडपी प्रश्नावली भरायला येतच नाहीत.