समुद्रासमोरचं घर घ्यावं की थोडं आतलं? सोबत लहान मुलगी आणि सासूबाई आहेत

दोन_खिडक्या:
मंडळी मदत हवी आहे. नवऱ्याची बदली समुद्रकाठच्या शहरात झालीये आणि पुढच्या महिन्यात आम्ही सगळे तिकडे जाणार, म्हणजे आम्ही दोघं, पाच वर्षांची लेक आणि सासूबाई, त्यांना दमा आहे आणि गुडघेही दुखतात. भाड्याची दोन घरं बघून ठेवलीत. एक अगदी समुद्रासमोर, बाल्कनीतून लाटा दिसतात, घर ऐसपैस, पण शाळा, दवाखाना, किराणा सगळ्यासाठी गाडी काढावी लागणार. दुसरं पंधरा-वीस मिनिटं चालत आत, जुनी वस्ती, शाळा गल्लीच्या टोकाला, मेडिकल बिल्डिंगखालीच, बसस्टॉप जवळ, छोटीशी बाग आहे, पण समुद्र दिसत नाही आणि खोल्या लहान. नवरा म्हणतो एवढं समुद्राच्या गावात जायचं आणि आतच राहायचं तर काय उपयोग, आणि खरं सांगायचं तर मोह मलाही होतोय. किनाऱ्यावर आम्ही कधीच राहिलो नाही त्यामुळे रोजचं कसं असतं काही अंदाज नाही. जे राहतात त्यांनी प्लीज सांगा, घर बघताना नेमकं काय तपासायचं?

खारावारा:
मी लाटांच्या समोरच राहतो, लहानपणापासून, त्यामुळे आधी गंजाबद्दल सांगतो. लाट फुटली की बारीक तुषार हवेत जातात, पाणी उडून जातं आणि मीठ वाऱ्याबरोबर घरात येतं, मग कड्या, बिजागऱ्या, ग्रिल, शेगडी, सायकलची चेन, एसीचं बाहेरचं युनिट, काही सुटत नाही. पहिल्या काहीशे मीटरमध्ये हे सगळ्यात जास्त, आत गेलात की झपाट्याने कमी होतं, म्हणजे तुमच्या दुसऱ्या घरात हा त्रास बराच कमी असणार. खिडक्या पावडर कोटिंगवाल्या अॅल्युमिनियमच्या किंवा यूपीव्हीसीच्या (कडक प्लास्टिकच्या) आहेत का बघा. स्टीलचं काही नवीन बसवणार असाल तर 316 ग्रेड मागा, नेहमीच्या 304 वर इथे तांबूस डाग पडतात, 316 मध्ये मॉलिब्डेनम नावाचा धातू असतो म्हणून ते खारं जास्त सोसतं. एसीचं युनिट अधूनमधून साध्या पाण्याने, जोराचा फवारा न मारता, धुवून घ्यायचं. आणि भाड्याचं घर आहे तर गंजून बिघडलेल्या वस्तूची दुरुस्ती कोणी करायची ते करारात लिहून घ्या, भांडणं नेमकी इथेच होतात. हे सगळं असूनही मी इथून हलणार नाही, दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो ना तेव्हा अख्खं घर थंड होतं, ते सुख आहेच.

सळई_सिमेंट:
बांधकामातला माणूस आहे म्हणून लिहितो. घर समोरचं असो की आतलं, पार्किंगमधले कॉलम आणि बाल्कनीची खालची बाजू नीट बघा. हवेतलं मीठ काँक्रीटमध्ये झिरपतं आणि सळईपर्यंत पोचलं की गंज धरतो, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो त्यामुळे काँक्रीट आतून फुगतं, सळईच्या रेषेत उभी चीर जाते आणि मग पापुद्रे पडायला लागतात. तपकिरी डाग, अशा चिरा, टिचकी मारल्यावर पोकळ आवाज, हे दिसलं तर सोसायटीला स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची इंजिनीअरकडून तपासणी, कधी झालं ते विचाराच. नुसता नवीन रंग बघून फसू नका. शिवाय नळाला पाणी कुठलं येतं तेही विचारा, किनाऱ्याजवळ बोअरचा जास्त उपसा झाला की खारं पाणी आत सरकतं, असं पाणी असेल तर नळ, गीझर, वॉशिंग मशीन सगळ्यांचं आयुष्य कमी होतं.

उंबरठा_आणि_अंगण:
ताई, मी वेगळं बोलते, कारण आमच्या बाबांना दमा आहे आणि आम्ही किनाऱ्यावरच्या शहरात भरपूर वर्षं राहतोय. दमट हवेत कपाटामागे, पलंगाखाली, बाथरूमच्या कोपऱ्यात बुरशी धरते आणि दम्याला ती फार वाईट. घरातली आर्द्रता 60 टक्क्यांच्या खाली ठेवता आली तर बुरशीला आणि धुळीतल्या किड्यांना बराच आळा बसतो, आर्द्रता दाखवणारा छोटा हायग्रोमीटर मिळतो तो भिंतीला लावा, कपाट भिंतीपासून जरा लांब ठेवा, कपडे खोलीत वाळत घालू नका. समुद्राची हवा दम्याला चांगलीच असं धरून चालू नका, सासूबाईंच्या डॉक्टरांशी बोलून घ्या.

पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे की आतल्या घरात राहून सासूबाई स्वतःच्या पायाने मेडिकलपर्यंत जाऊन येतील, बागेत त्यांच्या वयाच्या दोन बायका भेटतील, लेक चालत शाळेत जाईल आणि वाटेत तिला मैत्रिणी मिळतील. समोरच्या घरात त्या दोघी तुम्ही गाडी काढेपर्यंत अडकणार, आणि रात्री दम लागला तर दवाखाना किती लांब याचाही विचार करा. लाटा बघायला संध्याकाळी चालत जाता येतं की, पण शाळा आणि दवाखाना उचलून घराजवळ आणता येत नाही. मी डोळे झाकून आतलं घेईन. फक्त लिफ्ट आहे का आणि लिफ्टपर्यंत किती पायऱ्या ते मोजा.

किनारी_काका:
लेकीसाठी एकच. पोहायला जिथे जीवरक्षक आहेत तिथेच, आणि पाण्यात तिचा हात धरता येईल एवढ्या अंतरावर मोठं माणूस हवंच. दोन बाजूला लाटा फुटतायत आणि मधे शांत पट्टा दिसतोय, तर तिथे बहुतेक पाणी आत ओढणारा प्रवाह असतो, तिथे उतरू नका. कोणी सापडलंच तर किनाऱ्याच्या दिशेने झगडायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हायचं, नाहीच जमलं तर तरंगत राहून हात वर करायचा.

दोन_खिडक्या:
सगळ्यांचे मनापासून आभार, नवऱ्यालाही वाचायला दिलं, सासूबाईंचा मुद्दा त्याला पटलाय. आतल्या घराकडेच कल आहे. पण शेजारी म्हणाले पावसात त्या गल्लीत पाणी भरतं, हे आधी कसं ओळखायचं?

सळई_सिमेंट:
पावसाचं पाणी समुद्रात सोडणाऱ्या गटारांची तोंडं बऱ्याच ठिकाणी इतकी खाली असतात की भरतीला ती पाण्याखाली जातात, मग भरती आणि मोठा पाऊस एकत्र आला की पाणी उलट गल्लीत तुंबतं, ओहोटी लागली की ओसरतं. अमावास्या-पौर्णिमेला आणि पुढचे एक-दोन दिवस भरती सगळ्यात मोठी असते, तेच उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग म्हणजे लहान. तेव्हा घर बघायला उधाणाच्या दिवशी भरतीच्या वेळेला जा, वेळ भरतीच्या तक्त्यात मिळेल, रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. गटाराच्या जाळीतून पाणी वर येतंय का बघा, तळमजल्याच्या भिंतीवर जुन्या पाण्याची रेघ आहे का बघा, आणि मीटर बॉक्स जमिनीपासून किती उंच लावलाय तेही बघा. खालच्या मेडिकलवाल्याला विचारलंत तर पाणी कुठपर्यंत येतं ते तो बोट दाखवून सांगेल. तुमचा फ्लॅट वरच्या मजल्यावर असेल आणि पाणी तासा-दोन तासांत उतरत असेल तर घ्यायला हरकत नाही, फक्त गाडी लावायला उंचावरची जागा मागून घ्या.