रहस्य नवव्या प्रकरणातच फुटतंय, काय करावं?

उंबरठा_२२
कौटुंबिक रहस्यकादंबरीचा दुसरा खर्डा झालाय. ८२,००० शब्द, ३४ प्रकरणं. एक प्रकरण नवऱ्याचं, एक बायकोचं, दोघंही ‘मी’ म्हणून बोलतात. नवऱ्याचा रक्तगट ए, बायकोचा कागदोपत्री ओ आणि मुलगी निघते एबी, जी ए आणि ओ जोडप्याला सहसा होत नाही. नवऱ्याच्या डोक्यात संशय शिरतो, तो पाळत ठेवायला लागतो. ३१व्या प्रकरणात उलगडा: बायकोचा गट खरं तर बॉम्बे (नेहमीच्या तपासणीत ओ भासणारा दुर्मीळ गट), मुलगी त्याचीच.

पाच जणांना वाचायला दिली, तिघांनी नवव्यातच ओळखलं. तिथे एक डॉक्टर मित्र गप्पांच्या ओघात दुर्मीळ रक्तगटांची माहिती देतो. तो प्रसंग काढला तर शेवट आभाळातून पडल्यासारखा वाटतो. शिवाय बायकोचं निवेदन ‘लबाड’ वाटतं, असं दोघांनी सांगितलं.

कात्री
डॉक्टर राहू द्या, त्याचं व्याख्यान काढा. ज्या माहितीला त्या प्रसंगात काहीच काम नसतं ती वाचकाला टोचते. पुढे लागणार म्हणूनच सांगताहेत, हे तो ताबडतोब ओळखतो.

धागा पेरायचा तर यादीच्या मधोमध पेरा आणि यादीच्या शेवटी त्याहून मोठा आवाज करणारी वस्तू ठेवा. नवरा कपाट उचकतोय: ‘विम्याची पावती, जुना पासपोर्ट, बाळंतपणाचं डिस्चार्ज कार्ड, दोन चाव्या आणि एका हॉटेलचं बिल.’ वाचक बिलामागे धावणार. मात्र बिलाचंही खरं उत्तर पुढे द्यावं लागेल. नुसती हूल देऊन सोडून दिलीत तर वाचक चिडतो, आणि ते रास्तच आहे.

परिच्छेदाचं शेवटचं वाक्य हे लपवण्यासाठी सगळ्यात वाईट ठिकाण. तिथे नजर थांबते.

अवांतर: पॅट्रिक हॅमिल्टनच्या १९३८च्या ‘गॅस लाइट’ नाटकात खोलीतला दिवा मंदावतो, कारण नवरा वरच्या मजल्यावर चोरून दुसरा दिवा लावतो. बायकोच्या डोळ्यांसमोर पुरावा रोज असतो, पण तो घरातल्या कुरबुरीसारखा दिसतो. पुरावा असा संसारात मिसळलेला हवा.

शेवटचं_पान
‘लबाड’ का वाटतं ते सांगतो. बाई ‘मी’ म्हणून वर्तमानकाळात बोलतेय आणि स्वतःला ठाऊक असलेली गोष्ट मनातसुद्धा आणत नाही, हे पटत नाही. तिचं बोलणं कुणाला तरी उद्देशून करा. वकिलाला दिलेली हकिकत चालेल, मुलीला लिहिलेलं पत्र चालेल. मग गाळण्याला कारण मिळतं.

तिने गाळावं, विषय बदलावा, पण खोटं विधान करू नये. शेवट माहीत असल्यासारखी फक्त तिची १७ प्रकरणं सलग वाचा आणि आता खोटं ठरणारं प्रत्येक वाक्य अधोरेखित करा. ‘माझ्यापाशी लपवण्यासारखं काही नव्हतं’ हे बाद. ‘त्याने जे जे विचारलं त्याचं मी उत्तर दिलं’ हे चालतं, कारण नेमकं तेच त्याने विचारलेलं नसतं.

एक तक्ताही करा: तारीख, काय घडलं, नवऱ्याला काय माहीत, बायकोला काय माहीत, वाचकाला काय माहीत. शेवटचे दोन रकाने सलग तीन प्रकरणं जसेच्या तसे राहिले तर तिथे कादंबरी रेंगाळतेय.

लाल_शाई
रक्तगटाचं गणित बरोबर आहे. बॉम्बे गटात पेशींवर एच प्रतिजनच, म्हणजे ज्यावर ए आणि बी तयार होतात तो पायाच, नसतो. त्यामुळे बी जनुक असूनही बी दिसत नाही आणि नेहमीच्या तपासणीत ओ निघतो. (१९५२ साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी हा गट पहिल्यांदा मुंबईत नोंदवला, म्हणून नाव बॉम्बे.) मुलीला बापाकडून एच मिळतं, आईकडून आलेला बी उघडा पडतो, म्हणून एबी.

खरं भोक वेगळंच आहे. नवरा सरळ डीएनए चाचणी का करत नाही? बाप आणि मूल, दोघांच्या गालातला कापसाचा बोळा पुरतो, आईचा नमुना लागतही नाही. हा प्रश्न वाचक दहाव्या प्रकरणातच विचारेल. ३१पर्यंत ताणू नका. १८व्यात निकाल येऊ द्या: मुलगी त्याचीच. रहस्य फुटलं म्हणून बिघडत नाही, कारण तोवर त्याने पाळत ठेवून जे केलंय ते परत घेता येत नाही.

नेट_लावून
पाळतीवरून आठवलं. व्हॉट्सअ‍ॅप लॅपटॉपला जोडून चॅट वाचण्याची युक्ती वापरली असेल तर दोन गोष्टी तपासा. जोडलेल्या उपकरणांची यादी मूळ फोनवर दिसते. आणि मूळ फोन १४ दिवसांहून जास्त वापरला नाही तर लॅपटॉप आपोआप बाहेर फेकला जातो. फोन महिनाभर बंद आणि नवरा निवांत वाचतोय, असं चालणार नाही.

उंबरठा_२२
सगळ्यांचे आभार. लाल_शाई, एक घोळ लक्षात आला. चौथ्या प्रकरणात बाळंतपणात तिला ओ रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्यात.

लाल_शाई
चालणार नाही. बॉम्बे गटाला साधं ओ रक्तही जुळत नाही, फक्त बॉम्बेच लागतं. ओ पेशींवर एच भरपूर असतं आणि तिच्या रक्तात एचविरोधी प्रतिपिंडं असतात. क्रॉसमॅच (पिशवीतलं रक्त तिच्या रक्ताशी जुळतं का ही तपासणी) केला तर ओच्या एकामागून एक पिशव्यांत गुठळ्या दिसतील. म्हणजे रक्तपेढीला तेव्हाच कळणार, तिला सांगणार आणि डिस्चार्ज कार्डावर नोंद होणार.

मग तिला पहिल्या दिवसापासून माहीत आहे! नवऱ्याचा संशय एका वाक्यात मिटवता आला असता, तरी ती गप्प राहिली. १८व्यानंतर वाचकाला हेच विचारू द्या. पिशव्या ठेवा, त्यांवरचा ‘ओ’ खोडा आणि रक्त यायला नऊ तास लागले एवढंच लिहा. बाळंतपणाच्या धावपळीत तो उशीर कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही.

कात्री
आणि ते नऊ तास नवऱ्याच्या प्रकरणात घाला, तिच्या नको. तो बाहेर बाकावर बसून घड्याळ बघत असेल, रक्तगटाचा विचारही त्याला शिवणार नाही.