माझूच्या देवळात तुम्ही काय केलंत? (अनुभव धागा)

मालवणची सून (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. चिनी देवळांत आपल्यापैकी बरेच जण जाऊन येतात, फोटोही ढीगभर असतात. मला विचारायचंय ते वेगळंच. समोर दर्याची देवी माझू बसलेली, उदबत्त्यांचा धूर, शेजारी माणसं गुडघे टेकून काहीतरी पुटपुटतायत, आणि तुम्ही हातात मोबाइल घेऊन उभे. तेव्हा काय केलंत? (हिलाच तैवानात मात्सू म्हणतात, हाँगकाँगात तिन हाऊ आणि मकाऊत आ-मा. कुठलीही चालेल.)

आधी माझं सांगते. सिंगापूरचं थियान हॉक केंग. सासूबाई बरोबर होत्या, वय शहात्तर. देऊळ तेलोक आयर नावाच्या रस्त्यावर आहे. मलायमध्ये तेलोक म्हणजे आखात आणि आयर म्हणजे पाणी, पण आता तिथून समुद्र दिसत नाही, दिसतात त्या काचेच्या इमारती. १८४२ साली देऊळ पुरं झालं तेव्हा लाटा जवळजवळ दारात यायच्या. पुढे भराव घालून समुद्र लांब ढकलला. त्याही आधी तिथं खलाशांची साधी घुमटी होती. दक्षिण चीनमधल्या फूच्येनहून निघालेलं गलबत किनाऱ्याला लागलं, की जिवंत पोचलो म्हणून पहिला नमस्कार इथं. जे पोचले नाहीत त्यांचा हिशेब कोण ठेवणार.

दाराला भलामोठा उंबरा. सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणून मी म्हटलं, "आई, त्यावर पाय द्या आणि उतरा पलीकडे." तर भर देवळात मलाच ओरडल्या, "उंबऱ्यार कोण पाय देता?" मागे एक चिनी आजी उभ्या होत्या. शब्द कळला नसणार, पण प्रकार कळला. त्यांनी हसून सासूबाईंना हात दिला. त्यांच्याकडेही उंबऱ्यावर पाय द्यायचा नसतो.

आत माझू. मुकुटापुढे मण्यांच्या माळा सोडलेल्या, थेट मुंडावळ्याच. दोन बाजूंना दोन राक्षसासारखे रखवालदार, एकाला हजार कोसांवरचं दिसतं, दुसऱ्याला वाऱ्यावरून आलेलं ऐकू येतं. सासूबाईंनी विचारलं, "ही खंयची?" मी वाचून आलेली गोष्ट सांगितली. मेइझोऊ बेटावरची लिन घराण्यातली मुलगी, जन्म इ.स. ९६०. जन्मल्यावर रडलीच नाही म्हणून नाव पडलं मोन्यांग, म्हणजे मुकी पोर. बाप आणि भाऊ वादळात सापडले तेव्हा ही घरी मागावर बसल्या बसल्या तंद्रीत गेली आणि तिथूनच एकेकाला ओढून काढायला लागली. आईला वाटलं पोरीला काय झालं, तिनं हाक मारून हलवली. तेवढ्यात एकाचा हात सुटला. कुणी म्हणतात तो बाप, कुणी म्हणतात भाऊ.

सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आवशीन हाक मारूक नको होती."

सासऱ्यांचं आयुष्य रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं) ओढण्यात गेलं, मोठे दीर ट्रॉलरवर होते. त्यांनी पदर सारखा केला, हात जोडले आणि तिथंच गाऱ्हाणं घातलं, "पोरां खंय पण असांदेत, तेंका सुखरूप ठेव गे माये." माझ्या तोंडून आपसूक "होय म्हाराजा" गेलं. मोबाइल पर्समध्ये कधी ठेवला आठवत नाही. त्यामुळे त्या देवळाचा माझ्याकडे एकच फोटो आहे, तोही बाहेरचा.

इंजिनरूम

मस्त धागा. मी बावीस वर्षं बोटीवर, त्यामुळे ही बाई माझ्या ओळखीची. कित्येक बंदरांत भेटली आहे.

तैवानातल्या काओशुंगला बोट दुरुस्तीसाठी अडकली होती तेव्हा एक दिवस ट्रेननं ताइनानला गेलो. तिथलं मोठं मात्सू मंदिर म्हणजे मुळात राजवाडा. मिंग घराण्यातल्या एका राजपुत्रासाठी १६६४ साली बांधलेला, १६८४ मध्ये त्याचं देऊळ झालं. मूर्तींचे चेहरे धुरानं काळेकुट्ट झालेले. मागच्या भागात लग्नं जुळवणारा म्हातारा देव आहे, यु लाओ. तिथं पोरापोरींची ही गर्दी, लाल दोरा मागायला. आमचा थर्ड इंजिनिअर तिथून हलेचना.

आता मुख्य मुद्दा. मी देवगडकडचा. आमच्याकडे देवाला कौल लावतात. ओल्या कळ्या किंवा पाकळ्या पाषाणावर चिकटवायच्या, गुरव देवाला विचारतो, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. ताइनानला बघतो तर तोच कारभार! फक्त पाकळ्यांऐवजी लाकडाचे चंद्रकोरीसारखे दोन लाल तुकडे, एक बाजू सपाट, एक फुगीर. मनात प्रश्न धरून दोन्ही जमिनीवर टाकायचे. एक सपाट आणि एक फुगीर वर आलं तर देवी हो म्हणते. दोन्ही फुगीर वर, तर नाही. दोन्ही सपाट वर आले तर देवी हसली, म्हणजे तुझा प्रश्नच धड नाही. मोठ्या कामासाठी लागोपाठ तीनदा "हो" यावं लागतं.

एका बाईंनी मला खुणेनं शिकवलं. आधी देवीला आपलं नाव, जन्मतारीख आणि पत्ता सांगायचा. पत्त्यावर मी अडकलो. देवगड सांगू की बोटीचं नाव? शेवटी दोन्ही सांगितलं. विचारलं, "गणपतीला घरी पोचेन का?" माझा रिलीव्हर, म्हणजे माझ्या जागी येणारा माणूस, दोनदा लांबला होता.

पहिल्यांदा देवी हसली. त्या बाईसुद्धा हसल्या, नीट विचार अशी खूण केली. मी पुन्हा मालवणीत विचारलं. हो! परत टाकलं, हो. तिसऱ्यांदाही हो. मी हवेतच बोटीवर परतलो.

रिलीव्हर आला अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी. पुढच्या वर्षी मात्र चतुर्थीला घरी होतो. म्हणजे तिचं काही चुकलं नव्हतं, कुठल्या वर्षीचा गणपती ते मीच बोललो नव्हतो.

फोंड्याची

मकाऊ. देऊळ १४८८ चं सांगतात, म्हणजे पोर्तुगीज तिथं वस्तीला यायच्याही आधीचं. गावाचं नावच देवीवरून पडलं, आ-मा-गाऊ, आ-माचं आखात. डोंगराच्या उतारावर खडकांच्या बेचक्यांतून एकावर एक छोटी गर्भगृहं, गोल दारं, छताला टांगलेली उदबत्तीची मोठमोठी वेटोळी. एका धोंड्यावर जुनं शिडाचं जहाज कोरून रंगवलंय. पायाखालची फरसबंदी मात्र लाटांच्या नक्षीची, पोर्तुगीज.

आमच्या सहलवाल्यांनी वीस मिनिटं दिली होती. त्यातली दहा स्वच्छतागृहाच्या रांगेत. वेटोळ्यातली राख अंगावर पडली तेवढाच प्रसाद. दुसऱ्या दिवशी मी आणि मैत्रीण बाकीच्यांना सोडून परत गेलो, तेव्हा खरं पाहिलं.

मी नमस्कार केला. मैत्रीण मडगावची, कॅथलिक. तिनं सरळ क्रॉस केला. म्हणाली, दर्यावरच्या लोकांना आमचीही एक माय आहे. तिची माय निघाली वरच्या डोंगरावर! पेन्याचं चर्च, १६२२ मध्ये डच जहाजांच्या तावडीतून सुटलेल्या प्रवाशांनी आणि खलाशांनी बांधलेलं. म्हणजे खाली एक, वर एक, काम तेच.

आणि गोंयकारांसाठी मुद्दाम: देवळापासून चढाच्या रस्त्यानं थोडं पुढे गेलात की पिवळी-पांढरी कमानींची लांबलचक इमारत लागते. मूरिश बराक. १८७४ मध्ये गोव्याहून पाठवलेल्या भारतीय शिपायांना राहायला बांधली. १८४४ पर्यंत मकाऊचा कारभारच गोव्याखाली होता. त्या शिपायांतल्या कुणाला तरी संध्याकाळी खालच्या देवळातला धूर येत असेल, इतकी ती जागा जवळ आहे. आता तिथं बंदर खात्याचं कार्यालय आहे, व्हरांड्यापर्यंत सोडतात.

तुळई

मी हात जोडले नाहीत, जोडत नाही. मान वर करून अर्धा तास थियान हॉक केंगचं छत बघत बसलो, माझी पूजा तीच. पूर्ण सांगाडा खिळ्याशिवाय. खाचा पाडून लाकडं एकात एक बसवलीत, खांबावर छोट्या आडव्या लाकडांचे थर रचत नेऊन छताचा भार पेललाय. छपरावरचे ड्रॅगन जवळून पाहा, अंगावर चिनी मातीच्या रंगीत भांड्यांचे कापलेले तुकडे एकेक करून चिकटवलेत. खवले मोजायला लागलात तर दिवस जाईल.

गंमत म्हणजे सगळं चीनचं नाही. दगड आणि लाकूडकाम चीनहून आलं, पण लोखंडी कठडे ग्लासगोचे. वर कोपऱ्यांत तुळई पेलणारी काही लाकडी माणसं आहेत, ती भारतीय मजुरांची म्हणून दाखवतात. मला तरी चेहऱ्यावरून पटलं. गुआंगश्यू सम्राटानं १९०७ मध्ये पाठवलेला सुलेखनाचा फलक हा त्या देवळाचा मोठा मान.

माझी तक्रार एकच. १९९८ ते २००० मध्ये जीर्णोद्धार झाला, काम उत्तम आहे, पण सोनं जरा जास्तच चमकतं. धुरानं काळवंडायला अजून पन्नास वर्षं द्या.

जाणाऱ्यांनी त्याच रस्त्यावर दोन पावलं पुढे जा. १८३० पर्यंत पुरा झालेला नागूर दर्गा आहे, तमिळ मुसलमानांनी बांधलेला. तोही तेव्हा किनाऱ्यावरच होता. प्रवेश दोन्हीकडे फुकट. देवळात उजव्या दारानं आत जायचं, डाव्यानं बाहेर. मधलं दार देवाचं.

वाचनमात्र

पहिल्यांदाच लिहितेय. हाँगकाँगच्या स्टॅन्लीचं तिन हाऊ मंदिर, १७६७ चं. बाहेरून साधं. आत भिंतीवर वाघाचं कातडं, धुरानं इतकं काळं की पट्टे शोधावे लागतात. जपान्यांच्या ताब्यात बेट असताना १९४२ मध्ये पोलीस चौकीसमोर हा वाघ मारला, तोही एका भारतीय पोलिसानं. समुद्राच्या देवीकडे वाघ काय करतोय, हे कोडं सोडवता सोडवता नमस्कार राहूनच गेला.

डॉकयार्ड रोड

विमानाचं तिकीट नको असेल तर माझगावला या. नवाब टँकजवळ सी यिप कून, १९१९ चं, कँटनकडच्या खलाशांनी बांधलेलं. मुख्य देव माझू नाही, योद्धा क्वान कुंग आहे, पण मंडळी तीच, बोटीवरची. दारावरून लहानपणी शाळेत जायचो, आत पहिल्यांदा गेलो चाळिशीत. १९६२ च्या युद्धानंतर बरीच चिनी कुटुंबं मुंबईतून गेली, त्यामुळे एरवी शुकशुकाट असतो. चिनी नवीन वर्षाला जा, आधी चौकशी करून. मी हात जोडले. शेजारच्या देवाला नमस्कार करायला एवढी वर्षं लावली, याची लाज वाटली खरं तर.

मालवणची सून (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार, अजून येऊ द्या. काल रात्री सासूबाईंना सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. वाघाचं परत वाचायला लावलं. मूरिश बराकीतल्या शिपायांबद्दल विचारलं, परत गेले का ते? @फोंड्याची, काही ठाऊक असेल तर लिहा.

@इंजिनरूम, तुमच्या कौलावर मात्र पोट धरून हसल्या. निरोप दिलाय तो जसाच्या तसा: "तेका सांग, बरोबर गुरव नसलो काय असाच होता."