मदत हवी आहे: चूक झाली की कुणी आपणहून सांगत नाही
भोसरी एमआयडीसीत सीएनसी शॉपवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या, धातू कापणाऱ्या मशीनचा विभाग) दोन महिन्यांपूर्वी सुपरवायझर झालो. हाताखाली 14 जण. त्यातले चौघे माझ्याआधीचे. परवापरवापर्यंत मीच त्यांना 'दादा, इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) बदलू का?' विचारायचो.

रोज सकाळी सातला उभ्याउभ्या मीटिंग घेतो. मी बोलतो, ते बूट बघतात. एकाचं चांगलं काम सगळ्यांसमोर सांगितलं, तर 'साहेबाचा चमचा' म्हणून दिवसभर त्याचीच टर उडवली! (तो आता माझ्याशीही बोलत नाही.) मशीनवर जाऊन एकेकाशी बोलणं जमतंय. पण पीस रिजेक्ट गेला की मला अजून क्वालिटीवाल्याकडूनच कळतं.

पगार, ओव्हरटाइम माझ्या हातात नाही. चूक लपवली जाऊ नये म्हणून तुम्ही रोज नेमकं काय करता? आणि वयाने मोठ्या माणसाला न दुखावता कसं विचारता?