जुन्या मेलबॉक्समध्ये साठलेले मेल नव्या पत्त्यावर कसे न्यायचे?

पिंपळगाव_द्राक्ष
नमस्कार. आमच्या द्राक्ष निर्यातीचा मेल स्वतःच्या डोमेनवर, एका होस्टिंगवाल्याकडे आहे. ते खातं बंद करून जीमेलवर जायचंय. साधारण ६ जीबी मेल आहेत: इनव्हॉइस, फायटो सर्टिफिकेट, बिल ऑफ लेडिंग, रेसिड्यू रिपोर्ट. फॉरवर्डिंग लावलं तर नवे मेल येतात, पण जुने जागचे हलत नाहीत. सगळे निवडून फॉरवर्ड करावेत का?

सातपूर_आयटी
अजिबात नको. हाताने फॉरवर्ड केलेल्या मेलवर पाठवणारे म्हणून तुमचंच नाव येतं आणि तारीख आजची पडते. उद्या रॉटरडॅमच्या खरेदीदाराशी मालाच्या दर्जावरून वाद झाला, तर मूळ तारखेचा मूळ मेलच दाखवावा लागेल. शिवाय एकदम शेकडो मेल सुटले की सर्व्हर ते स्पॅम समजून अडवतो.

मेल आयमॅपने (मेल सर्व्हरवरच ठेवून हाताळायची पद्धत) कॉपी करा. थंडरबर्ड हे मेलचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात दोन्ही खाती आयमॅप म्हणूनच जोडा, पोर्ट ९९३, एसएसएल. जीमेल जोडताना ब्राउझरची खिडकी उघडते, तिथे लॉगिन करायचं. जुन्या खात्यावर राइट क्लिक करून 'सबस्क्राइब'मध्ये सगळ्या फोल्डरांना टिक करा; नाहीतर काही फोल्डर दिसतच नाहीत आणि तेच मागे राहतात. मग जीमेलमध्ये वर्षवार फोल्डर करा, एका वेळी चार-पाचशे मेल निवडा आणि 'कॉपी टू' द्या. 'मूव्ह' नको. मध्येच वीज किंवा नेट गेलं तरी मूळ मेल जुन्या जागी शाबूत राहतात. सेंट फोल्डर विसरू नका, तुम्ही दिलेले दर तिथेच आहेत.

जीमेल आयमॅपने दिवसाला साधारण ५०० एमबीच चढवू देतं. त्यापुढे गेलात तर काही वेळ खातं अडतं. म्हणजे ६ जीबीला किमान बारा दिवस धरा. जीमेलची फुकटची १५ जीबी जागा ड्राइव्ह आणि फोटोंसोबत वाटलेली असते, तीही आधी बघून घ्या.

कॉलेजरोड_नाशिक
त्याआधी ऑफिसच्या कॉम्प्युटरवरचं आउटलुक तपासा. ते पॉपवर (मेल कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची पद्धत) असेल आणि 'सर्व्हरवर प्रत ठेवा' बंद असेल, तर जुने मेल सर्व्हरवर नाहीतच. ते त्या मशीनच्या पीएसटी फाइलमध्ये (आउटलुक मेल साठवतं ती फाइल) आहेत. अशा वेळी त्याच आउटलुकमध्ये जीमेल आयमॅपने जोडून फोल्डर तिकडे कॉपी करा. पीएसटीची एक प्रत आधी बाहेरच्या डिस्कवर घ्या.

पिंपळगाव_द्राक्ष
आउटलुक पॉपवरच निघालं, पण प्रत ठेवण्याची टिक आहे. कॉपी मध्येच तुटली तर पुन्हा करताना मेल दुप्पट होतील का?

सातपूर_आयटी
थंडरबर्डमध्ये होऊ शकतात, म्हणून वर्षवार करा म्हटलं. प्रत्येक फोल्डरच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये दोन्हीकडची मेलसंख्या जुळवा आणि मगच पुढचं वर्ष घ्या. कमांड लाइन (टाइप करून आज्ञा देणं) जमत असेल तर आयमॅपसिंक हे मेल कॉपी करणारं सॉफ्टवेअर वापरा. ते मेलचे हेडर (मेलसोबतची ओळखीची माहिती) ताडून आधी गेलेले मेल वगळतं, त्यामुळे पुन्हा चालवायला हरकत नाही. त्यासाठी जीमेलमध्ये टू-स्टेप (दोन टप्प्यांचं लॉगिन) चालू करून अ‍ॅप पासवर्ड (अशा सॉफ्टवेअरसाठीचा वेगळा पासवर्ड) काढावा लागतो.

कॉलेजरोड_नाशिक
होस्टिंग सोडा, पण डोमेनचं नूतनीकरण थांबवू नका. डोमेन सुटलं की ते दुसरा कोणीही घेऊ शकतो आणि तुमच्या पत्त्यावरचे मेल, ओटीपीसकट, त्याच्याकडे जातील. जीएसटी, आयईसी (आयात-निर्यात कोड) आणि बँकेतला ईमेल जुना पत्ता चालू असतानाच बदला. काही ठिकाणी बदलाचा ओटीपी जुन्याच पत्त्यावर येतो.